पहिली बारी फुकट

बेंगळुरू,
१२ जानेवारी २०२५

पीरमहंमद चाचांना सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

फोन लावायला घेतला होता, मग हात थांबला. कैफ मागे म्हणाला होता, "ताई, अब्बा फोन घेतात, पण पलीकडं नुसता श्वास ऐकू येतो. मग त्यांनाच राग येतो." म्हणून पत्र लिहितेय. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, कोंबडीचे पाय. चष्मा लावून वाचा.

चाचा, आपला गेम आला! शुक्रवारी निघाला. टीव्हीला जोडायचा तो कन्सोल ज्याच्या घरी असेल त्याला आता जगात कुठेही बसून आपला बैलगाडा शर्यतीचा घाट बघता येईल, गाडा हाकता येईल. मी आणि रामनाथने नोकऱ्या सोडून तीन वर्षं यात घातली. "कळंबची पोरगी बैलांचे गेम करते" म्हणून दात काढणारे आता स्वतः खेळून बघतायत. आणि त्यांना आवडतंय काय, तर बैल नाहीत, धूळ नाही, घाटावर शर्यत पुकारणारा, कर्ण्यातून येणारा तुमचा आवाज. एका शब्दाचा अर्थ कळत नाही त्यांना, तरी अंगावर काटा येतो म्हणतात.

तो आवाज घेताना मी तुम्हाला किती छळलं! दोन हंगाम यंत्र घेऊन तुमच्या मागे घाटाघाटांवर फिरले. तुम्ही खोकत होतात आणि मी म्हणत होते, "चाचा, अजून एकदा, मागं गाडीचा हॉर्न वाजला." घशात काय वाढतंय ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, हे खरं. पण दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, तुमचं स्वरयंत्रच काढलं, असं बाबांनी कळवलं, तेव्हापासून ते "अजून एकदा" माझ्या कानातून जात नाही.

आता काम सांगते. गेमची पहिली बारी आम्ही फुकट ठेवलीय. बारी म्हणजे गाडा एकदा घाट चढून जाणं, हे मला इथे दहा जणांना समजवावं लागतं, तुम्हाला नको. फुकटची बारी खेळायची, आवडलं तर पुढचा गेम विकत घ्यायचा. नव्याने उतरवून घेतला की सगळ्यात आधी तुमचं स्वागत लागतं: "या मंडळी या, घाट तुमचा, धूळ तुमची, गाडा कुणाचाबी असू द्या, टाळी आपल्या गावाची!" ते एकदाच लागतं, मग सरळ शर्यत.

कैफच्या दुकानात चार कन्सोल आहेत. येईल त्याला पहिली बारी घ्यायला सांगा. जितके लोक घेतील तितका गेम कन्सोलवरच्या यादीत वर दिसतो. तुम्ही बोलवा चाचा, तुमच्या बोलावण्याला कोण नाही म्हणतंय.

तुमची,
वृषाली

*

जुन्नर,
२६ जानेवारी

चि. वृषालीस आशीर्वाद.

अक्षर कोंबडीचे पाय नाही, कोंबडीचं सगळं खुराडं आहे. तरी वाचलं.

मुली, काय सांगू! ज्या गोदामात माझे कर्णे आणि मांडवाचे बांबू असायचे, तिथे आता कैफचं गेमचं दुकान आहे. मला खुर्ची दिली, चौघांनी दार अडवलं, टीव्ही लागला. आणि मी बोललो. म्हणजे टीव्ही बोलला. चाळीस वर्षं मी कर्ण्याच्या मागे होतो, पुढे बसून स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. बरा बोलायचो की गं मी. तुझी चाची डोळ्याला पदर लावून म्हणाली, "घरात मातूर एवढं गोड कदी बोल्ले न्हाईत."

तू म्हणालीस बोलवा, तर बोलावलं. तोंड नाही म्हणून पाटीवर लिहून बोलावलं. डिंगोऱ्याचे गेणभाऊ, चार बैलांचे मालक, आयुष्यात रिमोट धरला नव्हता. हातात दिला तर तो टीव्हीकडे करून ओरडतात, "आरं शेपटीला हात कसा घालायचा ह्याच्यात?" तुझे बाबा भिमाजी कळंबहून जीप भरून भावकी घेऊन आले. आहुप्याचे एक गुरुजी तर एसटीने आले. तिकडे डोंगरात रेंज नाही, पण म्हणाले, पीरभाऊंचा आवाज ऐकल्याशिवाय राहवेना.

आता खरी गंमत ऐक. डबे चार आणि माणसं शंभर. मग पोरांनीच युक्ती काढली. एकाने घ्यायचं, खेळायचं, पुसायचं. दुसऱ्याने आपल्या नावाचं खातं काढून परत घ्यायचं. "चाचा, आमची बी हजेरी लागू द्या राव!" रोज रांग लागते. लग्नाला जेवढी पंगत मोठी तेवढी घरच्याची इज्जत मोठी, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. कैफने नेटची मोठी लाइन घेतली आहे. तू तिकडे बसून फक्त आकडा बघ.

गावाने हात आखडता घेतला असं म्हणू नकोस म्हणजे झालं.

पीरमहंमद

*

बेंगळुरू,
५ फेब्रुवारी

प्रिय चाचा,

पत्र वाचून हसले. गेणभाऊंचं तर रामनाथला वाचून दाखवलं.

तुम्ही सगळ्यांनी फार केलंत. आता पुरे म्हणते मी. खरंच पुरे. एका माणसाने एकदा घेतलं तरी पोचतं, पुसून पुन्हा घ्यायची गरज नाही. लोकांची कामं असतात, कैफच्या धंद्याचा खोळंबा होत असेल.

मी ठीक आहे. थोडी धावपळ आहे इतकंच. घसा जपा, गार पाणी पिऊ नका.

वृषाली

*

जुन्नर,
१३ फेब्रुवारी

चि. वृषालीस,

तुझ्या आईची पोर शोभतेस! ताटावर आडवा हात धरून "पुरे, पुरे" म्हणायचं. कळंबला तुमच्या घरी पंगतीत मी किती वेळा वाढलंय, आणि "पुरे" म्हणणाऱ्याच्या पानात दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्याशिवाय पुढे सरकलो नाही. पुरे ऐकून जो वाढपी थांबतो तो वाढपी नव्हे.

तर तुझ्या ताटात आणखी वाढलंय. मुंब्र्याचा माझा भाचा मुआज, त्याच्या दोस्तांची टोळी, दुबईतले तिघे, सगळ्यांना निरोप गेलाय. इथली पोरं तर चेव आल्यासारखी करतायत. "आज डिंगोरं म्होरं की जुन्नर?" म्हणून पैजा लागतात. फळ्यावर खडूने गावं लिहून ठेवलीत.

कैफ मधेच म्हणाला, "अब्बा, ताईंनी पुरे लिवलंय, जरा इचारू का?" मी पाटीवर लिहिलं, तुला मानपान कळत नाही, गप बस.

धावपळ आहे म्हणतेस. यशाची धावपळ अंगाला लागत नाही. खात जा.

पीरमहंमद

*

बेंगळुरू,
२ मार्च

प्रिय चाचा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. बसून वाचा.

कन्सोल बनवणारी जी कंपनी आहे, तिचंच दुकान त्या डब्यात असतं. दुसरीकडून गेम घेता येत नाही. आमचा गेम विकला गेला की जवळजवळ तिसरा हिस्सा तिचा. ते एकवेळ मान्य. घाट तिचा, फाटक तिचं. पण गेम दुकानातून लोकांच्या घरी जातो त्याचं भाडंही ती आमच्याकडूनच घेते, आणि वजनावर घेते. ट्रकला असतं तसं. विकलेल्या गेमचं भाडं विक्रीतून सुटतं. फुकटच्या बारीचं कशातूनच सुटत नाही. आणि पुसून परत घेतली की ट्रक परत भरून जातो. भाडं परत लागतं.

आपली बारी जडही आहे. आणि ती घेऊन विकत घेणारे थोडे. जुन्नरला तर कुणी घेतलाच नाही, घेतील कशाला, फुकटात सगळा आनंद मिळतोय. पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा वाटलं यंत्राची चूक असेल. दुसऱ्याने आमची शिल्लक खाल्ली. हे असंच चाललं तर आम्हाला गेम दुकानातून काढून घ्यावा लागेल. मग पहिली बारी नाही, दुसरी नाही, काहीच नाही.

कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं: नियम सगळ्यांना सारखा. मोठ्यांना परवडतो तो नियम लहानांनाही सारखाच. रामनाथ म्हणतो, खेळणाऱ्याने सोसावं, फुकट बंद करा. मी म्हणते, कंपनीने सोसावं, आमच्या बारीच्या ओढीने लोक तिचेच डबे घेतात. भांडून भांडून आम्ही दोघं आता एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलतो.

चाचा, यात तुमचा काडीचा दोष नाही. करार मी वाचला होता. भाडं लागतं हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी तुम्हाला "बोलवा" म्हणून लिहिलं. वाटलं, शेपन्नास माणसं येतील. तुमची माणसं किती येतात हे कळंबच्या पोरीला कळायला नको होतं का? आणि कळल्यावरही "पुरे" लिहून गप्प बसले. तुमचा उत्साह मोडायला जीभ रेटेना. भीक नको पण कुत्रं आवर, असं आपल्याच माणसांना कसं म्हणायचं?

कृपा करून थांबवा.

वृषाली

*

जुन्नर,
९ मार्च

वृषाली,

थांबवलं. पत्र वाचलं त्याच दुपारी दुकानाचं शटर ओढलं. फळा पुसला. पोरं विचारतात, काय झालं, कोण वारलं का. मी काय लिहून सांगू?

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तुझ्या पोटावर पाय देत होतो आणि वरून पैजा लावत होतो. तू पुरे म्हणालीस, मी तुला रीत शिकवली. पोरगा विचारू का म्हणाला, त्याला गप बसवला. रमजान चालू आहे. डॉक्टरांनी रोजे मना केलेत, नाहीतर निदान उपाशी राहून बरं वाटलं असतं.

आता तुमच्या भांडणाचं. मी काही करार वाचलेला माणूस नाही, पण यात्रा चाळीस वर्षं बघितल्यात. शर्यत बघायला येणाऱ्याकडून कधी पैसा घेतला नाही कुणी. मांडव, कर्णा, पाणी, खर्च असतोच. तो कोण देतं? गाव वर्गणी काढतं, आणि पाळणेवाला, भेळवाला, खेळणीवाला जागेचं भाडं देतात. का, तर गर्दीवर त्यांचा गल्ला भरतो. गर्दीवर जो कमावतो त्याने मांडव घालावा, हा साधा न्याय आहे. तुझी कंपनी पाळणाही चालवते, भेळही विकते, आणि मांडवाचे पैसे बैलवाल्याकडून घेते! असा पाळणेवाला आमच्याकडे आला असता तर पंचांनी त्याला दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर काढला असता. रामनाथला सांग, या भांडणात मी तुझ्या बाजूचा.

पण कंपनी लांब आहे आणि मी जवळ. पावणा ज्याने बोलावला त्याने वाढायचं. मी बोलावले. माझ्या वाट्याचं काय ते सांग, संकोच करू नकोस.

आणि एक विचारतो, अडाण्याचा प्रश्न म्हण. वजनावर भाडं आहे तर बारी हलकी करता येत नाही का? गाडा जड झाला की आधी वरची माणसं खाली उतरवतात. तसं काही उतरवण्यासारखं असेल तर उतरव. बैल वाचले पाहिजेत.

आता इथून एकही बारी जाणार नाही. जबान दिली.

पीरमहंमद

*

बेंगळुरू,
२४ मार्च

प्रिय चाचा,

तुमच्या वाट्याचं काही नाही. पुन्हा तो विषय काढलात तर मी बाबांना सांगेन.

जुन्नरची रांग थांबली. मुंब्रा, दुबईही शांत. कैफला माझ्याकडून सांगा, त्याच्या गिऱ्हाइकांवर विनाकारण संक्रांत आणली. रामनाथला तुमचं पाळणेवाल्याचं वाचून दाखवलं. तो बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला, म्हणाला हे कंपनीला भाषांतर करून पाठवू.

तुम्ही सुचवलंत तसं थोडं ओझं उतरवतोय. या आठवड्यात नवी, हलकी बारी दुकानात येईल. फार काही नाही, जे अडचणीचं होतं तेवढंच काढलं.

एक बारीकशी गोष्ट. जुन्नरहून अजून रोज एक बारी जाते. एखाद्या पोराला सवय लागली असेल. रागवू नका, कैफला फक्त बघायला सांगा. एकाने काही बुडत नाही.

ईदची आगाऊ मुबारकबाद. चाचींच्या शीरखुर्म्याची वाटी इथूनच चाटते आहे असं सांगा.

वृषाली

*

जुन्नर,
१ एप्रिल

वृषाली,

काल ईद झाली. नमाजाला गेलो, गळाभेटी घेतल्या. सगळ्यांची माफी मागून झाली, एक तुझी राहिली. म्हणून आज पहिलं काम हे.

ते रोजचं एक पोर म्हणजे मी.

जबान दिली ती रमजानात दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कैफ दुकान उघडायच्या आधी जाऊन मोडली. त्याच्याकडून शिकून घेतलंय, पुसायचं कसं, परत घ्यायचं कसं. अर्धा-पाऊण तास टीव्हीवर ती उतरण्याची पट्टी भरत राहते. मी खुर्चीवर बसून बघत राहतो. मग माझं स्वागत लागतं. "या मंडळी या." ते एकदाच लागतं म्हणालीस ना, म्हणून रोज पुसायचो. रांगेच्या दिवसांतही मला हजेरीचं काय पडलं होतं? प्रत्येक नव्या माणसाबरोबर ते पुन्हा लागायचं, म्हणून मी दारात उभा राहून माणसं आत ढकलत होतो. इज्जत, पंगत, मानपान हे सगळं मी तुला लिहिलं ते खोटं नव्हतं, पण त्याच्या खाली हे होतं. तुझा खर्च होतो हे कळल्यावरही मी ऐकत होतो. मुली, चोर घरातलाच निघाला.

म्हणशील, चाचा, मागितलं असतं तर पेनड्राइव्हवर भरून पाठवलं असतं. ते सुचलं नाही असं नाही. पण तसं ऐकलं तर तो मेलेल्या माणसाचा आवाज होईल, वर्षश्राद्धाला लावतात तसा. गेममध्ये माणसं असतात. बैल घामाने निथळतात. मी बोललो की गर्दी हलते. तिथे मी कामावर असतो.

तर परवा, ईदच्या आदल्या सकाळी, घेतलं. स्वागत लागलं नाही. वाटलं वायर निघाली असेल. सगळ्या वायरी चाळीस वर्षं मीच जोडल्यात, तपासल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. गर्दीचा येत होता. गाडा वर गेला, आणि वर कोणी काही म्हणालंच नाही. घाट मुका.

तेव्हा लक्षात आलं, "अडचणीचं" काय होतं ते.

"उतरव" असं मीच लिहिलं होतं. माझंच वाक्य, दुसऱ्या कुणाला काय बोलू? फक्त एवढंच वाटलं, पत्रात "फार काही नाही" असं लिहायला नको होतंस. विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो. कदाचित. खरं सांगतो, माहीत नाही.

पीरमहंमद

*

बेंगळुरू,
८ एप्रिल

चाचा,

माझी चूक झाली. तिला दुसरं नाव नाही.

सगळ्यात जड तुमचा आवाजच होता. चित्रं, बैल, घाट मिळून जेवढं वजन, त्याच्या कितीतरी पट. का, तर मी तो दाबून लहान करू दिला नाही. दाबला की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, कर्ण्याची खरखर मरते, तुमचा श्वास मरतो. रामनाथ पहिल्या दिवसापासून सांगत होता, फुकटच्या बारीत एवढं कशाला. मी हट्ट धरला, एक अक्षर कमी होणार नाही. म्हणजे बिल वाढवलं ते माझ्या हट्टाने, तुमच्या माणसांनी नाही. आणि ज्या हट्टापायी तुम्हाला खोकत असताना पुन्हा पुन्हा ओरडायला लावलं, तोच हट्ट मी एका दुपारी एक बटण दाबून मोडला. बटण मी दाबलं. रामनाथ म्हणाला होता, आधी चाचांना कळव. मी म्हणाले, कळवते. आणि "फार काही नाही" लिहिलं.

तुम्ही रोज सकाळी त्यासाठी बसत होतात हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर दाबलं असतं का? हो, दाबलं असतं, चाचा. गेम वाचवायला दुसरा मार्ग नव्हता. हे लिहिताना मला माझाच राग येतोय. पण पुन्हा खोटं लिहिणार नाही.

हलकी बारी आल्यापासून भाडं आटोक्यात आलंय. गेम राहील. विकत घेणाऱ्याला तुमचा आवाज पूर्ण मिळतो, त्यातलं काही काढलेलं नाही. पूर्ण गेमचा फुकट कोड सोबत पाठवतेय, कैफला घालायला सांगा. आणि रामनाथशी बोलले. फुकटच्या बारीत निदान तेवढं स्वागत परत टाकू. थोडं वजन वाढेल, ते आम्ही सोसू. तुम्ही फक्त हो लिहा.

वृषाली

*

जुन्नर,
२० एप्रिल

चि. वृषालीस आशीर्वाद.

हो लिहीत नाही. स्वागत टाकू नकोस.

फुकट आलेल्या पावण्याला पोटभर जेवण द्यावं, त्यासाठी घरच्या बाईचं मंगळसूत्र मोडू नये. खर्च कंपनीने सोसावा हे माझं मत पक्कं आहे, तिला लिहीत राहा, माझं नाव घालून लिही. तोवर कुणीतरी काहीतरी उतरवायचंच होतं. माझ्या आवाजाचं वजन माझ्याकडे राहू दे. तेवढा माझा वाटा समज, तू घेत नव्हतीस तो.

कोड परत पाठवतोय. चिडू नकोस. काल कैफला सांगून पूर्ण गेम विकत घेतला, पुऱ्या किमतीला. माझ्या घाटावर आयुष्यात पहिल्यांदा मी तिकीट काढून बसलो. त्यातला तिसरा हिस्सा फाटकवाल्याच्या घशात गेला हे ठाऊक आहे, पण बाकीचं तुझं. मी बोललो, मी ऐकलं. विकतच्या गेममध्ये स्वागत दर बारीला लागतं, आता पुसायचं कारण नाही. तू बटण दाबलंस ते मी माफ केलं की नाही असं विचारशील. केलं. पण ते लागलं होतं, हेही लिहून ठेवतो. मी तुला दिलेली जबान मोडली, ते तू माफ केलंस की नाही, पुढच्या पत्रात लिही. चाची म्हणते, हिशेब फिटला. माझ्या जिवाला काही तसं वाटत नाही.

आता दुकानातलं सांगतो. फुकटची मुकी बारी पोरं अजून खेळतात. पण मुका घाट कुणाला सोसवेना. कैफची मनाल, दुसरीत आहे, ती परवा खुर्चीवर उभी राहिली, रिमोट तोंडापुढे धरला आणि सुरू झाली, "या मंडळी या, घाट तुमचा, धूळ आमची!" शब्द चुकवते. गाडा वर पोचायच्या आधीच निकाल सांगते. हरलेल्याचं नाव घेतच नाही, त्याला वाईट वाटेल म्हणते. सगळं दुकान तिच्याबरोबर ओरडतं. गेणभाऊ परवा दारात उभे राहून म्हणाले, "पीरभाऊ, ही तर तुमच्या वरताण हाय."

मला हसू आलं. मला हसताना आता आवाज नसतो, ते बरं झालं, कारण हसू मधेच थांबलं ते कुणाला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज घोगरा झाला होता. शिरा ताठ, मान लाल, माझी व्हायची तशी. डॉक्टर म्हणतात माझं तंबाखूने झालं. तंबाखू होतीच. पण मला ठाऊक आहे, हा गळा मी कशावर उधळला आणि त्यात मला किती सुख होतं. तेच सुख त्या पोरीच्या तोंडावर दिसलं.

पाटी घेतली, मोठ्या अक्षरात लिहिलं, "हळू बोल बेटा, घसा जातो," आणि तिच्यापुढे धरली. तिने एकेक अक्षर लावत वाचलं, माझ्या गळ्याच्या पट्टीकडे बघितलं, मान हलवली, आणि रिमोट तोंडापुढे धरून होती नव्हती तेवढी ताकद लावून ओरडली.

पीरमहंमद